जुनं जपानी कादाइ : निवडताना, मांडताना, जपताना

क्योतोतल्या तोजी देवळाच्या आवारात दर महिन्याच्या २१ तारखेला जुना बाजार भरतो. कोबो दाइशी या बौद्ध आचार्यांच्या पुण्यतिथीची ती तारीख, म्हणून लोक बाजारालाच ‘कोबो-सान’ म्हणतात. किमोनोंचे ढीग, लोखंडी किटल्या, फुटके-सांधलेले वाडगे यांच्यामध्ये तिथे हमखास दिसतात ते काळे किंवा तांबूस, बुटके लाकडी चौरंग. पहिल्यांदा पाहणाऱ्या मराठी माणसाला ते देवाचे वाटतात. असतात ते फुलदाणीचे आणि झाडाचे. त्यांना म्हणतात कादाइ : का म्हणजे फूल, दाइ म्हणजे ठेवायची बैठक.

हल्ली ऑनलाइन लिलावांमधून हे चौरंग भारतातही पोचतात, आणि जपानात नोकरीला गेलेली आपली मंडळी परतताना एखादा घेऊन येतात. पुढे मात्र वर्षभरातच त्यावर पांढरी वर्तुळं उमटतात, कडा उलतात, काळा रंग विटतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण ऐंशी वर्षं नीट राहिलेली वस्तू आपल्याकडे एका पावसाळ्यात खराब व्हायची काही गरज नसते.

त्यामुळे एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, बाकी सगळं तिच्यातूनच निघतं. झाडाला ऊन लागतं आणि पाणी लागतं. कादाइवरच्या जपानी रोगणाला, म्हणजे लाकडावरच्या चकचकीत लेपाला, ऊन सोसत नाही आणि साचलेलं पाणीही सोसत नाही. म्हणजे ही दोघं कायमची एकत्र राहू शकत नाहीत. जपानात त्यांना कोणी एकत्र ठेवतही नाही. झाड अंगणात वाढतं, दोन-तीन दिवसांसाठी घरातल्या तोकोनोमात, म्हणजे मांडणीच्या कोनाड्यात, कादाइवर येतं, आणि परत बाहेर जातं. झाड तिथे पाहुणं असतं. तुम्हाला मनी प्लँट बारा महिने एकाच जागी ठेवायचा असेल तर लोखंडी किंवा सिरॅमिकचा स्टँड घ्या, तो उत्तम काम देईल. कादाइ त्या कामाचं नाही.

रोगण कसलं आहे ते आधी समजून घ्या

खरं जपानी रोगण म्हणजे उरुशी. उरुशीच्या झाडाच्या सालीला आडव्या चिरा देऊन चीक गोळा करतात. दहा-पंधरा वर्षं वाढवलेल्या एका झाडातून साधारण २०० ग्रॅम चीक मिळतो, आणि एका हंगामात तो काढून झाला की रूढ पद्धतीत ते झाड तोडून टाकतात. हा आकडा लक्षात राहिला की कादाइकडे बघायची नजर बदलते.

उरुशी वाळत नाही, मुरते असं म्हणायला हवं. तिच्यातला एक एन्झाइम हवेतला ओलावा आणि प्राणवायू घेऊन चिकाचं कडक आवरणात रूपांतर करतो. म्हणून कारागीर लेप दिलेली वस्तू उन्हात ठेवत नाहीत. ७० ते ८५ टक्के आर्द्रता असलेल्या बंद कपाटात ठेवतात. एक लेप मुरला की घासायचा, मग दुसरा, मग तिसरा. वाजिमा या जपानी गावातल्या रोगणकामात तर खाली कापड चिकटवून त्यावर भाजलेल्या मातीच्या पुडीचे थर देतात आणि त्यानंतर उरुशी येते.

उरुशीचं झाड आपल्या आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातलं. बिब्बा उतला की अंगावर काय होतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना कच्च्या उरुशीबद्दल वेगळं सांगायला नको. मुरलेल्या जुन्या रोगणाला हात लावायला मात्र काहीच हरकत नाही. धोका असतो तो ताज्या दुरुस्तीत आणि घरी वापरायच्या किंत्सुगीच्या, म्हणजे फुटकं भांडं उरुशीने सांधायच्या, किटमध्ये.

दोन गोष्टींत गल्लत होते. पहिली, आपली लाख. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवरची चकाकी लाखेची, आणि लाख ही किड्यापासून मिळते. ती स्पिरिटमध्ये विरघळते, मुरलेली उरुशी विरघळत नाही. दुसरी गल्लत काश्यूची. काजूच्या टरफलाच्या तेलापासून जपानात दुसऱ्या महायुद्धानंतर एक रंग तयार झाला, त्याला तिथे ‘काश्यू’च म्हणतात. कोकणातल्या काजू कारखान्यांत बायकांचे हात ज्या तेलाने पोळतात तेच हे तेल. दिसायला काश्यू उरुशीच्या फार जवळ जातो, आणि शोवा काळातल्या, म्हणजे १९२६ ते १९८९ मधल्या, त्यातही युद्धानंतरच्या दशकांतल्या बऱ्याच कादाइंवर तोच आहे. त्यात फसवणूक काही नाही. काश्यूचं कादाइ टिकाऊ असतं आणि स्वस्त मिळतं. शिकायला पहिलं कादाइ काश्यूचंच घ्या असं मी आवर्जून सांगेन. किंमत तेवढी उरुशीची देऊ नका.

पेटीवर किंवा तळाशी छापील लेबल असेल तर फोनच्या भाषांतर कॅमेऱ्याने वाचून घ्या. रंगाच्या रकान्यात उरुशी, काश्यू किंवा पॉलियुरेथेन असं काहीतरी लिहिलेलं असतं. आतलं द्रव्य ‘नैसर्गिक लाकूड’ आहे की लाकडाचा भुसा आणि राळ यांचं मिश्रण, हेही कळतं.

झाड आधी, कादाइ नंतर

बहुतेक जण उलटं करतात. देखणी बैठक दिसते म्हणून घेतात आणि मग तिच्यावर काय ठेवायचं ते शोधत बसतात. आधी आपल्या कुंडीच्या किंवा फुलदाणीच्या बुडाची लांबी-रुंदी मोजा. बूड फळीवर पूर्ण बसून चारही बाजूंनी मोकळी फळी दिसली पाहिजे. किती मोकळी, याचं एक माप नाही. कागदावर फळीचा आकार कापून त्यावर कुंडी ठेवून लांबून बघा, डोळ्याला लगेच कळतं. जुन्या पेट्यांवर माप शाकु आणि सुनमध्ये असतं. १ शाकु म्हणजे ३०.३ सेंटिमीटर, आणि त्याचा दहावा भाग १ सुन.

बोनसायवाले लोक बैठकीला ‘शोकु’ म्हणतात. बुटकी ती हिराजोकु, उंच ती ताकाजोकु. जाड बुंध्याच्या सरळ पाइनला दणकट पायांची बुटकी बैठक शोभते. कुंडीच्या कडेवरून खाली झेपावणाऱ्या झाडाला उंच बैठक लागते, नाहीतर शेंडा जमिनीला टेकतो. बारीक, वळसेदार खोडाच्या झाडाखाली भारी चौरंग ठेवला तर झाड त्याच्यापुढे हरवतं. त्याला पातळ फळी पुरते. हे शब्दांत वाचण्यापेक्षा पाहिलेलं बरं. तोक्योच्या उएनो भागात १९३४ पासून भरणारं कोकुफु-तेन हे बोनसाय प्रदर्शन, किंवा सैतामाच्या ओमिया भागातलं बोनसाय संग्रहालय, यांची छायाचित्रं उघडून बसा आणि दहा-बारा मांडण्यांमध्ये झाडाकडे न बघता फक्त बैठकीकडे बघा.

बोनसायच्या शोकु बऱ्याचदा जाड काळ्या रोगणाच्या नसतात. त्या ‘काराकी’ लाकडाच्या असतात, म्हणजे शिसव-एबनीसारख्या परदेशी कठीण लाकडाच्या, आणि लाकडाचा पोत दिसत राहावा म्हणून त्यांवर उरुशी नुसती पुसून मुरवलेली असते. शिसवाच्या कुळातल्या लाकडांचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१७ पासून साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यात आलेल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, नियमांखाली आहे. त्यामुळे परदेशातून मागवताना लाकूड कुठलं आणि कागदपत्रं काय लागतील, हे पैसे भरण्याआधी विक्रेत्याला विचारा.

फुलदाणीखाली कधी नुसती पातळ फळीही ठेवतात, तिला उसुइता म्हणतात. चहाच्या समारंभात कोणत्या भांड्याखाली कोणत्या कडेची फळी याचे नियम आहेत. कांशाच्या मानाच्या भांड्याखाली काळी, बाणाच्या खाचेसारखी कड असलेली. बांबूच्या विणलेल्या टोपलीखाली मात्र फळी ठेवतच नाहीत. मला हा नियम फार आवडतो.

हातात घेऊन तपासताना

विक्रेत्याची परवानगी घ्या, अंगठ्या आणि घड्याळ काढून ठेवा, आणि चौरंग दोन्ही हातांनी फळीच्या खालून उचला. काही कादाइंच्या फळीची दोन्ही टोकं वर वळवलेली असतात. त्या वळणाला फुदेगाएशी म्हणतात. लिहायच्या मेजावरून कुंचला घरंगळू नये म्हणून निघालेली ही कड पुढे शोभेची झाली. ती वेगळी पट्टी जोडून केलेली असते, आणि नवखा माणूस नेमका तिलाच धरून चौरंग उचलतो. जुन्या कादाइंमध्ये सांधा सुटलेला सापडला तर बहुतेक वेळा तो इथेच.

आता उलटा करून तळ बघा. वरची बाजू सजवता येते, तळ फारसा कोणी सजवत नाही. तळाला आकसल्याच्या बारीक भेगा, थोडी धूळ, रोगणाचा पातळ हात दिसला तर वय खरं वाटतं. तळही आरशासारखा एकसारखा चकाकत असेल आणि वजन फारच हलकं किंवा विचित्र जड असेल, तर भुसा-राळेचा साचा असू शकतो.

मग फोनचा टॉर्च फळीला जवळजवळ आडवा धरा. समोरून काहीच न दिसणारी फळी तिरप्या उजेडात सगळं सांगते : ओरखडे, कुंडीच्या पायांचे खळगे, पाण्याची जुनी वर्तुळं, कोणी वरून मारलेला नवा हात. नवा हात दिला असेल तर ओरखड्याच्या खळग्यातसुद्धा चकाकी असते. कोपऱ्यांकडे थांबून बघा. जुनी काळी उरुशी कोपऱ्यांवर झिजून तपकिरी झालेली असते, आणि ती झीज हात लागतो तिथेच असते, हात लागत नाही तिथे नसते. नेगोरो पद्धतीच्या कामात लाल थराखालून काळा थर डोकावतो. तिथे ती झीज हेच सौंदर्य मानतात, आणि म्हणूनच ती मुद्दाम घासूनही आणतात. सगळीकडे सारखी ‘झीज’ असेल तर शंका घ्या.

शेवटी सपाट जागेवर ठेवून कोपरे एकेक करून हलकेच दाबा. डुगडुगत असेल तर फळीला बाक आलाय किंवा पाय ढिला झालाय. ढिला पाय दुरुस्त होतो, बाक सहसा जात नाही. टाचणीएवढी गोल भोकं आणि खाली पिठासारखा बारीक भुसा पडत असेल तर कितीही आवडलं तरी सोडून द्या. तो भुंगा तुमच्या बाकीच्या फर्निचरला लागेल.

फोटोवरून घेत असाल तर तळाचा, चार कोपऱ्यांचा आणि तिरप्या उजेडातला फोटो मागा. ‘अँटिक’ या शब्दावर जाऊ नका. बहुतेक माल शोवा काळातला असतो. मेइजी (१८६८ ते १९१२) म्हणून विकत असतील तर कशावरून, ते विचारा. मूळ लाकडी पेटी आणि तिच्या झाकणावर हाताने लिहिलेला मजकूर असेल तर थोडे जास्त पैसे देणं योग्य, कारण ती पेटी पुढे तुमच्याच कामाची आहे.

घरी आल्यावर

पार्सल उघडायची घाई करू नका. जपानच्या दमट हवेतून वस्तू एप्रिलच्या नागपुरात किंवा एसी चालू असलेल्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये आली की लाकूड आकसतं, रोगण त्याच्या वेगाने आकसत नाही, आणि सांध्यांवर तडे जातात. पेटीतच ठेवा, दोन-तीन दिवसांनी झाकण थोडं सरकवा, आठवड्याभराने बाहेर काढा. मुंबई-कोकणातल्या हवेत हा त्रास कमी. तिथला शत्रू बुरशी.

पुसायचं कसं? आधी मऊ कुंचल्याने धूळ झाडा, कारण धुळीचा कण फडक्याखाली आला की सॅंडपेपर होतो. मग जुन्या धुवट मलमलीचं फडकं कोमट पाण्यात बुडवून इतकं पिळा की हाताला नुसतं गार लागेल. हलक्या हाताने पुसा, लगेच कोरड्या फडक्याने टिपा. संपलं. काच पुसायचा स्प्रे नको, फर्निचर पॉलिश नको, लिंबू-व्हिनेगर नको, खोबरेल तेल तर नकोच. त्याने दोन दिवस चकाकतं, मग धूळ धरून चिकट होतं. आणि कृपा करून गल्लीतल्या पॉलिशवाल्याला देऊ नका. तो पॉलिशपेपर मारून लाखेचा हात देईल, आणि मूळ रोगण गेलं की गेलं. लाल कादाइ असेल तर घासणं आणखी वाईट : जुन्या लाल रोगणात हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं संयुग, असू शकतं. (दुसरा लाल रंग लोहाच्या गंजाचा. त्याचं जपानी नाव बेनगारा, आणि ते बंगालवरून पडलंय.)

मांडणी

जागा अशी शोधा जिथे दिवसभरात एकदाही थेट ऊन येत नाही आणि एसीचा झोत लागत नाही. काळं रोगण विटतं ते उन्हातल्या अतिनील किरणांनी, आणि विटलेला पृष्ठभाग फडक्याने परत येत नाही.

झाडाला आदल्या संध्याकाळी बाल्कनीत भरपूर पाणी द्या आणि रात्रभर निथळू द्या. सकाळी कुंडीचं बूड आणि पाय कोरडे पुसा. तळाला बोट फिरवून बघा, मातीच्या कुंडीला वाळूचे कण चिकटलेले असतात आणि तेच ओरखडे काढतात. फळीवर आधी पातळ सुती किंवा फेल्टचा तुकडा ठेवा, बुडापेक्षा थोडा लहान, म्हणजे बाहेरून दिसत नाही. तो चिकटवू नका. डिंकाचा आणि सेलोटेपचा डाग रोगणासकट निघतो. रबराचे गोल पायही लावू नका, ते महिन्याभरात ठसा सोडतात. मग कुंडी दोन्ही हातांनी सरळ वरून ठेवा. जागा चुकली तर उचलून पुन्हा ठेवा, सरकवू नका.

तिथे असताना पाणी द्यायचं नाही. फवारासुद्धा नाही. दोन-तीन दिवस झाले की झाड परत उजेडात. कोकेदामा म्हणजे शेवाळाचा गोळा असेल तर खाली खोलगट बशी हवीच, आणि एका दिवसात परत. सुरुवातीला सक्युलंटच्या छोट्या कुंड्या सोप्या. त्यांना इतके दिवस पाणी लागतच नाही. मोकळ्या दिवसांत कादाइ रिकामं राहिलं तरी चालतं. नाहीतर त्यावर एक दगड ठेवा, फळ ठेवा, गणपतीत एखादं दुर्वांचं तबक ठेवा, कोरडं.

हे नियम मी चुकून शिकले. माझ्या पहिल्या काळ्या कादाइवर मी काचेच्या बाटलीत पाण्यातलं मनी प्लँट ठेवलं होतं. पाणी बाटलीतच होतं, सांडलं नव्हतं, म्हणून मी निर्धास्त चार दिवस गावाला गेले. जुलै होता. बाटली बाहेरून घामेजत राहिली. परत आले तेव्हा काळ्या फळीवर दुधाळ पांढरं वर्तुळ, बोटाएवढ्या जाडीचं. मी हेअर ड्रायर हातात घेतला होता, तो एका जाणत्या बाईंनी फोनवर खाली ठेवायला लावला. उष्णतेने रोगण फुगून सुटतं. कोरड्या सावलीत दोन महिने नुसतं ठेवल्यावर वर्तुळ निम्म्याने फिकं झालं. उरलेलं अजून आहे.

टवका उडाला तर उडालेला तुकडा कागदाच्या पुडीत जपून ठेवा, रंग भरू नका, सुपरग्लू लावू नका. सांधा सुटला तरी तेच. उरुशीचं काम जाणणारा माणूस मिळेपर्यंत थांबता येतं. चुकीचा गोंद लावल्यावर मात्र त्याचंही काम दुप्पट होतं.

पावसाळा आणि पेटी

रोगणाला ५० ते ६५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे पावसाळ्यात ती कितीतरी वर जाते, त्याने उरुशीचं बिघडत नाही, पण लाकूड फुगतं आणि तळाला बुरशी येते. म्हणून कोकणात आणि मुंबईत जूनमध्ये पेटीत भरून ठेवणं बरं. जपानी पेटी किरी नावाच्या हलक्या लाकडाची असते. ती दमट हवेत फुगून स्वतःच घट्ट बसते. वस्तू गुंडाळायला ते पिवळं कापड वापरतात, उकोन-नुनो. उकोन म्हणजे हळद! हळदीच्या रंगाला कीड लागत नाही ही समजूत तिकडेही आहे. पण घरी हळदीत बुडवलेलं कापड गुंडाळू नका, दमट हवेत रंग उतरतो. धुतलेली पांढरी मलमल पुरते. प्लॅस्टिकची पिशवी नको, डांबरगोळ्या नकोत.

दसऱ्याच्या सुमारास आपण कपाटातल्या कपड्यांना ऊन दाखवतो. जपानातही पावसाळा सरला की वस्तू बाहेर काढून हवेशीर करायची रीत आहे, मुशिबोशी. कादाइला मात्र ऊन नाही, वारा दाखवायचा : कोरडा दिवस बघून, सावलीच्या खोलीत, पंखा मंद ठेवून, दोन-तीन तास. त्याच वेळी तळ, सांधे आणि फुदेगाएशीची कड पुन्हा टॉर्चने बघून घ्या. परत भरताना पेटीचं झाकण एकाच बाजूने नीट बसतं. जोर लावावा लागला तर दाबू नका, झाकण फिरवून बघा.